औरंगपुऱ्यातला निळा स्पायरल संच: टीईटी-टेटच्या इंग्रजीसाठी घ्यावा का?

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात पुस्तकांच्या दुकानांच्या आसपास झेरॉक्सवाल्यांकडे एक जाडजूड स्पायरल संच मिळतो. वर निळं प्लॅस्टिक आणि पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'इंग्रजी शिक्षक भरती: टीईटी पेपर २ व टेट'. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. लेखकाचं नाव नाही, प्रकाशकाचं नाही, आवृत्तीचं सालही नाही. पाठपोट छापलेली २३६ पानं आहेत. किंमत ३२० रुपये सांगतात, घासाघीस केली की २८० ला देतात. कन्नड-सिल्लोडपासून अंबड-गेवराईपर्यंतची मुलं-मुली शहरात आली की हाच संच पिशवीत घालून परततात, म्हणून त्याची नीट झडती घेणं गरजेचं वाटलं.

निकाल आधीच सांगतो. व्याकरणाचे १२४ पानांचे धडे पैसे वसूल करून देतात. अध्यापनशास्त्राची ३० पानं वाचण्यापेक्षा न वाचलेली बरी. उत्तरसूचीवर डोळे झाकून विश्वास ठेवला तर पाठ झालेली चूक पुसायला दुप्पट वेळ जाईल.

मुखपृष्ठावर दोन परीक्षांची नावं एकत्र टाकली आहेत, पहिला घोळ तिथेच आहे. टीईटीचा पेपर २ सहावी ते आठवीच्या शिक्षकांसाठी असतो. १५० प्रश्न, १५० गुण, १५० मिनिटं. मराठी माध्यमाच्या उमेदवाराला त्यात इंग्रजी भाषा-२ म्हणून ३० गुणांना येते. बाकी ३० बालमानसशास्त्र, ३० मराठी आणि ६० गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात, राखीव प्रवर्गांना ५५ टक्के. ही पात्रता परीक्षा आहे, उंबरठा ओलांडला की झालं. टेटचं तसं नाही. तिथे २०० प्रश्न १२० मिनिटांत सोडवायचे असतात, त्यात १२० अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा प्रकारच नाही. जितके गुण पडतील तितकी राज्याच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरच्या गुणवत्ता यादीत जागा वर. एका प्रश्नाला ३६ सेकंद मिळतात आणि अभियोग्यतेच्या १२० प्रश्नांत इंग्रजी हा एक तुकडा असतो. टीईटीचं इंग्रजी बसून विचार करायला वेळ देतं, टेटचं देत नाही. संचातले सराव पेपर मात्र दोन्हींसाठी तेच आहेत आणि वेळेची नोंद एकाही पेपरवर नाही.

नववी ते बारावीवर इंग्रजी शिकवायचं असेल तर टीईटीची अट नाही. पदवी किंवा पदव्युत्तर पदवी इंग्रजीत, सोबत बी.एड., आणि टेटचे गुण. अशा उमेदवाराला या संचातली अध्यापनशास्त्राची ३० पानं कशालाच लागत नाहीत. दुकानदार हे सांगत नाही. त्याला माहीत असेलच असंही नाही.

आता जे चांगलं आहे ते. वाक्य-रूपांतराचा धडा कुणीतरी वर्षानुवर्षं मराठी माध्यमाच्या वर्गात उभं राहून लिहिलेला आहे, हे दुसऱ्याच पानावर कळतं. 'टू' काढून 'सो… दॅट' करताना काळ बदलला की 'कॅनॉट'चं 'कुड नॉट' होतं, ही सूचना समासात चौकटीत दिली आहे. 'ही वॉज टू टायर्ड टू वॉक' याचं 'ही वॉज सो टायर्ड दॅट ही कुड नॉट वॉक' होतं, आणि निम्मी मुलं इथेच 'कॅनॉट' लिहून गुण घालवतात. त्याहून सुंदर आहे 'अनलेस'चं पान. 'अनलेस यू डोन्ट स्टडी' ही चूक का होते, याचं कारण त्यात दिलं आहे. आपण मराठीत 'जोपर्यंत अभ्यास करत नाहीस तोपर्यंत' म्हणतो, म्हणजे नकार आपल्या वाक्यात आधीच असतो. तोच नकार इंग्रजीत नेला की 'अनलेस'मधल्या नकारावर दुसरा नकार चढतो. बाजारातल्या जाड्या व्याकरणाच्या पुस्तकांत नियम असतो, हे कारण क्वचित सापडतं.

शब्दयोगी अव्ययांच्या पानांवरही हीच नजर दिसते. 'डिस्कस अबाउट' ही चूक 'विषयी चर्चा' यातून येते, 'मॅरिड विथ' ही 'शी लग्न' यातून. बरोबर रूपं शेजारी दिली आहेत: 'डिस्कस'नंतर काहीच नाही, 'मॅरिड'नंतर 'टू'. अशा २० जोड्या आहेत. त्या पाठ करण्यापेक्षा आपणच मराठी वाक्य मोठ्यानं म्हणून चूक कुठून शिरते ते शोधायचं. एकदा सापडली की परत होत नाही.

आर्टिकलच्या पानावर मात्र हाच लेखक घसरला आहे. त्यानं 'अ' आणि 'अ‍ॅन' घेणाऱ्या शब्दांची लांबलचक यादी दिली आणि पाठ करायला लावली. गरज एका वाक्याची होती: अक्षर पाहू नका, उच्चार ऐका. 'युनिव्हर्सिटी'चा उच्चार 'य'नं सुरू होतो म्हणून 'अ', 'अवर'मधला 'एच' मुका म्हणून 'अ‍ॅन', आणि 'एम.ए.'चा पहिला आवाज 'ए' म्हणून 'अ‍ॅन एम.ए.'. देवनागरीत लिहून पाहिलं की हा प्रश्न आपोआप सुटतो. हा फायदा मराठी माणसाला फुकट मिळालेला आहे.

उत्तरसूचीकडे येऊ. सराव पेपर ३ समोर ठेवून तपासला. ३० प्रश्नांत ४ उत्तरं चुकीची निघाली, आणि चारही अशी की परीक्षेत नेमकी तीच विचारतात.

प्रश्न ७: 'नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स ___ प्रेझेंट'. सूचीत 'वॉज' आहे, हवं 'वेअर'. 'नायदर… नॉर'मध्ये क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालतं आणि इथे जवळचा कर्ता 'स्टुडंट्स' आहे. प्रश्न १२: 'आय अ‍ॅम युअर फ्रेंड' याचं प्रश्नपुच्छ (वाक्याच्या शेवटी जोडायचा छोटा प्रश्न) सूचीत 'अ‍ॅम नॉट आय' दिलं आहे. परीक्षेत 'आर्न्ट आय' हेच उत्तर धरतात. प्रश्न १९: 'ही नोज लिटल इंग्लिश' याला सूची 'डझन्ट ही' म्हणते. 'लिटल' म्हणजे जवळजवळ नाहीच, वाक्य नकारार्थी धरायचं, म्हणून 'डज ही'. तेच 'अ लिटल' असतं तर 'डझन्ट ही' बरोबर ठरलं असतं. एका 'अ'वर उत्तर फिरतं. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांनाही हाच न्याय. प्रश्न २६: 'नो सूनर हॅड द बेल रंग' याच्यापुढे सूचीत 'व्हेन' आहे. 'नो सूनर'ला 'दॅन'च लागतं. 'व्हेन' लागतं ते 'हार्डली' आणि 'स्केअर्सली'ला.

यावर उपाय आहे, फक्त कंटाळवाणा. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद टीईटीची आधी अंतरिम उत्तरसूची लावते, हरकती मागवते आणि मग अंतिम सूची देते. मागच्या वर्षांचे पेपर त्या अंतिम सूचीसोबत छापून घ्या. संचातला एखादा नियम त्यांच्याशी जुळत नसेल तर संचातलं उत्तर लाल पेनानं खोडा. हे काम दोघांनी मिळून केलं तर एका रविवारात होतं: एकानं प्रश्न वाचायचा, दुसऱ्यानं नियम सांगायचा.

अध्यापनशास्त्राच्या ३० पानांबद्दल सौम्य लिहिणं जमणार नाही. कुठल्या तरी इंग्रजी नोट्सवरून यंत्रानं भाषांतर केल्यासारखी ती आहेत. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशेनच्या 'अफेक्टिव्ह फिल्टर'चं भाषांतर 'परिणामकारक गाळणी' असं केलं आहे. 'अफेक्टिव्ह' आणि 'इफेक्टिव्ह' यांत गोंधळ झाला. हवं होतं 'भावनिक गाळणी': भीती, लाज, ताण वाढला की भाषा आत झिरपत नाही, असं क्रॅशेनचं म्हणणं. त्याच पानावर भाषाग्रहण यंत्रणेची (भाषा शिकण्याची माणसातली उपजत सोय) कल्पना क्रॅशेनच्या नावावर घातली आहे, ती नोम चॉम्स्कीची. पुढच्या पानावर 'स्किमिंग' आणि 'स्कॅनिंग' यांच्या व्याख्यांची अदलाबदल झाली आहे. सोपी खूण अशी: भरतीची जाहिरात हातात घेऊन फक्त शेवटची तारीख शोधता, ते स्कॅनिंग. अग्रलेखावर नजर फिरवून तो कशाबद्दल आहे एवढंच कळून घेता, ते स्किमिंग.

द्विभाषिक पद्धत आणि व्याकरण-भाषांतर पद्धत एकच, असंही एक वाक्य आहे. तसं नाही. सी. जे. डॉडसनच्या द्विभाषिक पद्धतीत शिक्षक मातृभाषेचा आधार फक्त अर्थ पटकन पोचवण्यापुरता घेतो, आणि विद्यार्थी सराव इंग्रजीतूनच करतात. व्याकरण-भाषांतर पद्धतीत भाषांतर हाच सराव असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत नकळत दोन्हींची भेळ चालते, म्हणून हा फरक परीक्षेत हमखास अडवतो.

त्याहून मोठी खोट म्हणजे या पानांत फक्त व्याख्या आहेत आणि परीक्षा प्रसंग विचारते. 'सातवीची लेकरं इंग्रजी बोलायला लाजतात, शिक्षकानं काय करावं?' पर्याय असे: प्रत्येक चूक तिथल्या तिथे दुरुस्त करावी, जोड्या पाडून छोट्या संवादाचा सराव द्यावा, व्याकरणाचे नियम आधी पक्के करून घ्यावेत, हुशार मुलांनाच बोलू द्यावं. भावनिक गाळणी समजली असेल तर जोड्यांचा पर्याय क्षणात सापडतो. नुसती व्याख्या पाठ असेल तर 'व्याकरण आधी' हे फार गोड वाटतं, कारण आपल्याला तसंच शिकवलेलं असतं. सीटीईटी, म्हणजे केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षाही देणार असाल तर हा भाग आणखी महत्त्वाचा. तिथे दुसऱ्या भाषेच्या ३० पैकी १५ प्रश्न उताऱ्यांवर आणि १५ अध्यापनशास्त्रावर असतात, व्याकरणाच्या वाक्य-रूपांतराला वेगळी जागाच नाही. तेव्हा या संचाची मजबूत बाजू सीटीईटीला जवळपास निरुपयोगी आहे. सीटीईटीचे जुने पेपर संकेतस्थळावर फुकट मिळतात, प्रसंगाधारित प्रश्नांसाठी त्यांच्याइतकं चांगलं साहित्य विकतही मिळत नाही.

शब्दसंग्रहाची ३८ पानं ठीक आहेत. समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांच्या याद्या कुठल्याही पुस्तकात असतात तशाच. त्यांच्याऐवजी बालभारतीची सहावी ते आठवीची इंग्रजीची पुस्तकं डाउनलोड करून त्यातले स्वाध्याय सोडवले तर शब्द वाक्यासकट लक्षात राहतात, आणि पुढे वर्गात तीच पुस्तकं शिकवायची असतात.

उतारे आणि कवितांच्या २२ पानांत अलंकारांचा तक्ता बरा आहे. 'लाइक' किंवा 'अ‍ॅज' दिसलं की सिमिली (उपमा), ते नसताना थेट एकरूपता आली की मेटाफर (रूपक). पण 'अ‍ॅज' कारण सांगायलाही येतो, तिथे सिमिली नसते, हा इशारा राहून गेला आहे.

सुरुवातीचं 'परीक्षेची माहिती' हे पान सरळ फाडून टाका. टीईटी प्रमाणपत्राची मुदत ७ वर्षं असं त्यावर छापलंय. ते आता आजीवन वैध आहे आणि २०११ पासूनच्या प्रमाणपत्रांना हे लागू आहे. शिक्षणसेवकाचं मानधनही जुनंच, ६ हजार. जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार आहे. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा तर उल्लेखच नाही. सेवेची पाच वर्षांहून जास्त शिल्लक असलेल्या कार्यरत शिक्षकांनाही त्या निकालानं दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलं. म्हणजे पंचेचाळिशीतले गुरुजी आणि बाईही आता या दुकानांत येणार. त्यांच्यासाठी अक्षर एवढं बारीक नको होतं.

वापर कसा करावा? टीईटीसाठी रूपांतर, प्रश्नपुच्छ, कर्ता-क्रियापद मेळ आणि शब्दयोगी अव्ययं हे चार धडे आधी संपवा, मग जुने पेपर घड्याळ लावून सोडवा. उत्तरपत्रिकेवरचे गोल रंगवायलाही वेळ लागतो. इंग्रजीचे ३० प्रश्न २५ मिनिटांत सुटले तरच गणितासाठी श्वास उरतो. टेटसाठी संचातले प्रश्न कागदावर सोडवू नका. ती परीक्षा संगणकावर असते, उताऱ्याखाली रेघ मारता येत नाही, बोट ठेवून वाचता येत नाही. मोबाइलवर फोटो काढून स्क्रीनवरून वाचायची सवय लावा. आधी प्रश्न वाचा, मग उतारा. ४० सेकंदांत उत्तर सापडलं नाही तर अंदाजानं एक पर्याय दाबून पुढे चला, कारण नकारात्मक गुण नाहीत आणि रिकामा प्रश्न म्हणजे हातानं सोडलेला गुण.

विकत घेताना दुकानातच संच उलटून पाहा. आम्ही पाहिलेल्या प्रतीत पान ११८ ते १२५ दोनदा आलं होतं आणि १७१ ते १७४ वरच्या कवितांच्या शेवटच्या ओळी कापल्या गेल्या होत्या. स्पायरलची तार डाव्या समासातले शब्दही खाते, विशेषतः सराव पेपरांत, तिथे प्रश्न क्रमांकच दिसत नाहीत. बदलून मिळतो, पण त्याच दिवशी. वैजापूर किंवा पैठणहून आला असाल तर एसटी स्टँडवर पोचण्याआधी पानं मोजून घ्या.