ह्युए की होई आन?

नौपाड्यातली माझी भाची इतिहासात बीए करतेय. परीक्षा संपली की व्हिएतनामला निघालीय. पैसे बेताचे, म्हणून मुक्काम एकाच गावी.

ह्युए ही न्गुयेन घराण्याची राजधानी, १८०२ ते १९४५. खंदक, तटबंदी, आत राजवाडा. व्हिएतनाम युद्धात, १९६८च्या लढाईत त्यातलं बरंच उद्ध्वस्त झालं. काही ठिकाणी नुसती जोती उरलीत, शेजारीच नव्याने रंगवलेले लाल खांब. इतिहास शिकणाऱ्याने हे बघावंच. रेल्वे स्टेशनही गावातच.

होई आन हे जुनं बंदर. पिवळ्या भिंतींची व्यापाऱ्यांची घरं, जपानी पूल, आणि संध्याकाळी दिवाळीतल्या गोखले रोडसारखी गर्दी. ट्रेन दानांग शहरापर्यंतच, पुढे बस.

तरी माझं मत होई आनला, कारण जवळच ‘मी सन’ नावाचा मंदिरसमूह आहे. चंपा या तिथल्या जुन्या राज्याच्या राजांनी चौथ्या ते तेराव्या शतकात बांधलेली मंदिरं, बरीचशी शिवाची. विटा इतक्या घट्ट बसवल्यात की सांधा शोधावा लागतो. संस्कृत शिलालेखही आहेत! अंबरनाथचं १०६०चं शिवालय बघत वाढलेल्या मुलीने हे चुकवूच नये. मात्र ऊन चढायच्या आत पोहोचायचं. ह्युए दानांगहून ट्रेनने एका दिवसात होतं, आणि हाय व्हानच्या घाटात समुद्र खिडकीशी येतो.