वेरूळची खिडकी: चार माणसं, ७२० रुपये

एकतीस वर्षं एस.टी.त तिकिटं फाडली. त्यामुळे कुठंही गेलो की आधी खिडकी बघतो, मग आतलं. डिसेंबरात पुतण्या न्यू जर्सीहून आला, सोबत ऑफिसातली दोन माणसं, एक जर्मन आणि एक थायलंडची मुलगी. आमचं घर खुलताबादेत, घाट उतरला की वेरूळच.

बुधवारी सकाळी खिडकीवर मीच उभा राहिलो. पाहुण्यांना पाकीट काढू द्यायचं नाही, एवढंच डोक्यात. माझे ४०. पुतण्याकडे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते, त्याचेही ४०. थायलंडच्या मुलीचेही ४०, कारण सार्क (दक्षिण आशियातल्या शेजाऱ्यांचा गट) आणि बिमस्टेक (बंगालच्या उपसागराभोवतालचा गट, त्यात थायलंड येतो) यांतल्या देशांना आपलाच दर आहे. जर्मनाचे ६००. झाले ७२०. "काका, ऑनलाइन काढलं असतं तर ६५ वाचले असते," पुतण्या म्हणाला. खरंय, तिथं ३५ आणि ५५० पडतात. पण माणसाच्या हातून तिकीट घ्यायची सवय जात नाही.

खिडकीबद्दल माझी तक्रार शून्य. कार्ड बघितलं, पासपोर्ट बघितला, सुट्टे परत दिले, दोन मिनिटांत मोकळे. आमच्या वेळी सुट्ट्यांवरून पार घाट संपेपर्यंत भांडणं चालायची.

डोक्यात राहिला तो हिशेब. आपण कर भरतो म्हणून आपल्याला स्वस्त, असं सगळे सांगतात. गाडीत कुणी गोऱ्या प्रवाशानं विचारलं तर मीही मोडक्यातोडक्या इंग्रजीत हेच सांगायचो. मग पुतण्याचं काय? तो वीस वर्षं कर भरतोय अमेरिकेत. थायलंडच्या मुलीला तर भारतात येऊन चार दिवस झाले होते. नातं म्हणा, शेजारधर्म म्हणा, मला दोन्ही मान्य. पण मग कराचं नाव कशाला घ्यायचं?

परवडण्याचं म्हणाल तर जर्मनाला ६०० म्हणजे तिकडच्या दोन कॉफ्या. त्यानं तोंड वाकडं केलं नाही, उलट पैसे द्यायला माझ्याशी झटापट केली. पण पाठपिशवी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसणारी, दोन केळ्यांवर दुपार काढणारी गोरी पोरंही मी पाहिलीत. आणि आपल्याकडचा चाळीस लाखांच्या गाडीतून उतरणाराही ४०च देतो.

एक मात्र कबूल करायला हवं, पटीतला फरक कमी होत आलाय. पूर्वी आपल्याला १० आणि त्यांना २५० होते, म्हणजे पंचवीस पट. २०१६ला ३० आणि ५०० झाले. २०१८पासून ४० आणि ६००, पंधरा पट. आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयानंही जानेवारी २०२६पासून दोन दर ठेवलेत. युरोपवाल्यांना २२ युरो, आपल्यासारख्यांना ३२. हे जर्मनाला परवा फोनवर सांगितलं तर म्हणाला, या तिकडे, तेव्हा तुमचं मी काढतो.

माझं म्हणणं दराच्या पाटीबद्दल आहे. एस.टी.त पंचाहत्तरीच्या आजोबांना तिकीट नाही आणि बायकांना अर्धं, यावरून पूर्ण पैसे देणारा कधी चिडत नाही. कारण आपलं ते पूर्ण आणि त्यांची ती सवलत, हे त्याला दिसत असतं. इथंही लिहा ना: तिकीट ६००, भारतीयांना आणि शेजाऱ्यांना सवलतीत ४०. गल्ला तोच राहील, पण 'विदेशी' असा शिक्का मारून जास्त काढल्यासारखं वाटणार नाही. शिवाय खिडकीवरच्या माणसाला चेहरा वाचायचा मोह होतो तो वेगळाच. एका किल्ल्यावर, नाव घेत नाही, मणिपूरच्या कॉलेजच्या मुलीला सगळ्यांसमोर आधार कार्ड मागितलेलं मी पाहिलंय. तिच्या मागे मी होतो, मला कुणी काही विचारलं नाही.

आत गेल्यावर पैसे वसूल, दर कुठलाही असो. कैलास लेणं शंभरदा पाहिलंय, तरी कडेच्या वाटेनं वर चढून खाली बघितलं की पोटात गोळा येतो. कळसापासून खाली खोदत आणलेलं अख्खं देऊळ! जर्मन बराच वेळ गप्प होता. मग त्यानं एकच विचारलं, निघालेला दगड टाकला कुठं? मला उत्तर देता आलं नाही.

दहाव्या लेण्यात मात्र वेगळंच झालं. छताच्या दगडी फासळ्या लाकडासारख्या कोरल्यात, म्हणून लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. मी पाहुण्यांना आवाज कसा घुमतो ते दाखवायला 'रामकृष्ण हरी' म्हणणार, तेवढ्यात ती थायलंडची मुलगी सँडल काढून बुद्धासमोर गुडघ्यांवर बसली आणि तीनदा कपाळ जमिनीला टेकवलं. इतकी वर्षं मी त्याला प्रेक्षणीय स्थळ समजत होतो. मी आवाज घशातच ठेवला. नंतर मनात आलं, हीच मुलगी जपानची असती तर ६०० पडले असते. आणि अजिंठा-वेरूळच्या विकासकामांना कर्ज दिलं ते जपाननंच.

तिथून घृष्णेश्वराला गेलो. दर्शनाला तिकीट नाही, फक्त गाभाऱ्यात पुरुषांनी उघड्या अंगानं जायचं. जर्मनानं शर्ट काढून कमरेला बांधला आणि नांदेडच्या एका कुटुंबामागे रांगेत उभा राहिला. पाऊण तास लागला.

जाणार असाल तर मंगळवार टाळा, लेणी बंद असतात. कैलासाचं तोंड पश्चिमेला आहे, दुपारनंतर ऊन समोरून पडतं, फोटो तेव्हाच काढा. आणि ओसीआय कार्ड बॅगेच्या तळाशी ठेवू नका, माझ्या पुतण्यानं ठेवलं होतं.