दोन फाउंटन पेनांपैकी एकच ठेवायचं, तर कोणतं: लॅमी २००० की पायलट कॅपलेस?

दोन्हींची निब सोन्याची, दोन्ही साठच्या दशकातली: कॅपलेस १९६३ची, लॅमी १९६६ची. रोज पानंच्या पानं लिहिणाऱ्यानं लॅमी ठेवावं. त्याच्या पिस्टनमध्ये (पेनातच बसवलेल्या, शाई ओढून घेणाऱ्या दट्ट्यात) सुमारे १.३ मिलीलीटर शाई मावते; कॅपलेसच्या कॉन-४० कन्व्हर्टरमध्ये (शाई भरायच्या सुट्या नळीत) जेमतेम ०.४. मात्र लॅमी जरा फिरवून धरलं की निब अडते.

कॅपलेसचा खटका दाबला की निब बाहेर, चटकन टिपणं काढायला याला तोड नाही. अडचण क्लिपची. ती निबच्या बाजूला असल्यानं नेमकी बोटांमध्ये येते, म्हणून आधी सलग दहा मिनिटं लिहून पाहा. बोट खुपलं तर विकून टाका.

शाई सतत बदलत असाल तर कॅपलेसच. निबचा अख्खा भाग (निब युनिट) उपसून पाण्यात धुतलं की काम झालं. लॅमीत पिस्टन वरखाली फिरवत बसावं लागतं. (चकाकीची, म्हणजे चमचमत्या कणांची शाई दोन्हींत नको.)