रिकाम्या पेटीचा प्रश्न: सात इंची हँडहेल्ड की घडीचे?

हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचे यंत्र, घ्यायला निघालेल्या माणसाची पहिली चौकशी बहुधा चिप, मेमरी आणि किंमत यांची असते, आणि या तिन्हींची उत्तरे कुठेही मिळतात. मी इथे त्यांत शिरणार नाही. मला लिहायचे आहे ते आकाराविषयी, कारण गेल्या अडीच वर्षांत मी दोन टोकांची दोन यंत्रे वापरली आहेत. एक सात इंची पडद्याचे, दोन्ही बाजूंना जाड मुठी असलेले आणि पीसीवरचे खेळ चालवणारे. दुसरे साडेतीन इंची पडद्याचे, फ्लिप फोनसारखे मिटणारे आणि जुने खेळ चालवणारे. दोन्ही अजून माझ्याकडे आहेत, दोन्ही चालू आहेत, आणि दोन्ही घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही. फक्त सकाळी पिशवीत त्यांपैकी एकच जाते.

माझा वापर कुठे होतो हे आधी सांगायला हवे, कारण पुढचे सगळे मत त्यावर उभे आहे. मी आठवड्यातून तीन दिवस नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जातो आणि संध्याकाळी परत येतो. तीन माणसांच्या बाकावर जागा मिळेल ती घ्यायची, पायांत सॅक ठेवायची, सॅकमध्ये डबा, पाण्याची बाटली, लॅपटॉप, आणि उरलेल्या फटीत खेळायचे यंत्र. ज्यांचा खेळ घरच्या सोफ्यावर, रात्रीच्या जेवणानंतर होतो, त्यांच्यासाठी माझा निकाल कदाचित उलटाही लागू शकेल. माझ्याकडे मोजमापाची साधने नाहीत. हात किती वेळात दुखतो हे मी स्टेशनांवरून मोजतो.

वजनापासून सुरुवात करतो, कारण सगळे तिथूनच करतात. मोठ्या हँडहेल्डपैकी स्टीम डेकचे ओएलईडी रूप ६४० ग्रॅमचे आहे, पहिले रूप ६६९ ग्रॅमचे होते. लीजन गो आपल्या ८.८ इंची पडद्यासह ८५४ ग्रॅमपर्यंत जाते. वजन कुठून येते याचे चांगले उदाहरण म्हणजे आरओजी अ‍ॅलाय: २०२३ च्या यंत्रात ४० वॉट-तासांची बॅटरी होती आणि वजन ६०८ ग्रॅम होते, तर २०२४ च्या अ‍ॅलाय एक्समध्ये बॅटरी दुप्पट, म्हणजे ८० वॉट-तासांची झाली आणि वजन ६७८ ग्रॅमवर गेले. सत्तर ग्रॅमच्या मोबदल्यात दुप्पट बॅटरी हा सौदा मला तरी वाईट वाटत नाही. यंत्र पंचवीसेक वॉट खात असेल तर चाळीसच्या बॅटरीवर दीड तासात गाडी कल्याणच्या अलीकडेच असते, आणि पुढचा प्रवास चार्जरची पिन हातात धरून करावा लागतो.

परंतु हात दुखणे म्हणजे वजन, हे समीकरण वापरताना टिकले नाही. मोठ्या यंत्राच्या मुठी जाड असतात, त्यामुळे भार तळहातावर बसतो आणि बोटे मोकळी राहतात. माझे घडीचे यंत्र त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेही जड नाही, पण त्याचा खालचा भाग पातळ, चौकोनी आणि लहान असल्यामुळे ते तळहातात बसत नाही, बोटांच्या टोकांनी चिमटीत धरावे लागते. शिवाय खांद्याची, म्हणजे तर्जनीने दाबायची वरच्या कडेची बटणे बिजागरीच्या मागे एका ओळीत दाटीवाटीने बसवलेली असतात, तेव्हा तर्जनी सतत आकडीसारखी वाकलेली राहते. परिणाम असा, की मोठे यंत्र मांडीवर टेकवून मी आरामात इगतपुरी गाठतो, आणि लहान यंत्राने घोटी मागे पडता पडताच उजवा अंगठा कुरकुरायला लागतो. ज्यांचे हात मोठे आहेत त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

पडद्याच्या बाबतीतही मला अपेक्षेच्या उलट अनुभव आला. मला चाळिशी लागून काही वर्षे झाली. साहजिकच सात इंच डोळ्यांना सोयीचे ठरतील असे मी धरून चाललो होतो. पण पीसीवरचा खेळ टेबलावरच्या चोवीस इंची मॉनिटरसाठी रेखाटलेला असतो, आणि तोच मजकूर सात इंचांत आकसून बसतो. स्टीम डेकसाठी खेळ तपासताना ते बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने अक्षराच्या उंचीची किमान मर्यादा ९ पिक्सेल ठेवली आहे. सात इंची, १२८० गुणिले ८०० च्या पडद्यावर ९ पिक्सेल म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. आता दुसरी बाजू पाहा. निन्टेन्डोच्या १९८९ च्या गेम बॉय या हँडहेल्डचे चित्र १६० गुणिले १४४ पिक्सेलचे होते आणि अक्षर आठ पिक्सेलच्या चौकटीत बसत असे. साडेतीन इंची, ६४० गुणिले ४८० च्या पडद्यावर ते बरोबर तिप्पट होते आणि अक्षर सुमारे अडीच मिलिमीटरचे दिसते. चष्मा घरी विसरलेल्या दिवशी मी लहान यंत्रावर सहज वाचू शकतो, मोठ्यावर नाही. पडदा किती मोठा आहे यापेक्षा खेळ कोणत्या पडद्यासाठी रेखाटला होता, हे अधिक महत्त्वाचे आहे असे म्हणायला मी आता कचरत नाही.

यातही एक खोट आहे. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचे चित्र २४० गुणिले १६० चे, ते याच पडद्याच्या पूर्ण रुंदीवर ताणले तर दोन पूर्णांक दोन तृतीयांश पट होते. काही पिक्सेल जाड आणि काही बारीक पडतात, आणि दृश्य सरकले की चित्र लुकलुकते. दुप्पटच ठेवले तर चोहोबाजूंनी काळी चौकट उरते. मी चौकट सहन करतो. माझ्या भाच्याला ती सहन होत नाही.

आता मुख्य मुद्दा. तो इतका क्षुल्लक आहे की लिहिताना थोडा संकोच वाटतो, पण माझा निर्णय त्यावरच झाला.

मोठ्या हँडहेल्डला पेटी लागते. पडदा उघडा असतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या दांड्या, पृष्ठभागापासून बऱ्याच वर उभ्या असतात. हे यंत्र नुसते सॅकमध्ये टाकले तर डब्याचा दाब स्टिकवर येतो आणि चाव्यांची टोके काचेवर. बहुतेक स्टिकच्या आत घासत फिरणारा संपर्क असतो, तो झिजला की खेळातला माणूस आपोआप चालू लागतो, त्यामुळे तिच्यावर सतत दाब ठेवणे बरे नव्हे. म्हणून कडक पेटी, आणि ती पेटी यंत्राहून अर्थातच मोठी. इथपर्यंत कोणाचीच तक्रार नसते. प्रश्न सुरू होतो तो यंत्र पेटीतून बाहेर काढल्यावर: रिकाम्या पेटीचे करायचे काय?

तीन माणसांच्या बाकावर मधली जागा मिळाली आहे असे समजा. पेटी मांडीवर ठेवली तर यंत्र तिच्यावर धरावे लागते, कोपरे वर उचलली जातात आणि दोन्ही शेजाऱ्यांच्या बरगड्यांना लागतात. मांडीखाली घेतली तर एक बाजू उंच होते आणि माणूस नावेत बसल्यासारखा तिरका होतो. वरच्या फळीवर ठेवायची तर उभे राहावे लागते, आणि उतरताना ती तिथेच विसरण्याची भीती असते. परत सॅकमध्ये कोंबायची तर पायांतल्या सॅकपर्यंत वाकताना यंत्र कोणाच्या तरी हातात द्यावे लागते. मग तो काका ते उलटसुलट करून बघतो, किंमत विचारतो, आणि किंमत ऐकल्यावर ज्या नजरेने माझ्याकडे बघतो ती नजर देवळालीपासून कल्याणपर्यंत पुरते. त्यात चहावाला आला की हा सगळा खेळ उलट्या क्रमाने. एका हातात चहा आणि एका हातात तीस सेंटीमीटर रुंदीचे यंत्र ही कसरत मी एकदाच केली.

पहिले दोन महिने हौस होती. तिसऱ्या महिन्यात पेटी सॅकमध्येच राहू लागली, कारण ‘आता कोण काढणार’ हा विचार खेळाच्या इच्छेपेक्षा थोडासाच, पण रोज, जड भरत असे. चौथ्या महिन्यात पेटी घरीच राहिली. यंत्रात कोणताही दोष नव्हता. त्यावर खेळलेले खेळ आजही मला आठवतात. पण दिवसाला मिळणारा वेळ मोजला तर मी खेळणे जवळजवळ सोडले होते.

घडीच्या यंत्राला पेटी नसते, कारण ते स्वतःच पेटी असते. ही युक्ती नवी नाही. निन्टेन्डोने १९८२ मध्येच गेम अँड वॉच मालिकेत दोन पडद्यांची, पुस्तकासारखी मिटणारी यंत्रे काढली होती, आणि २००३ च्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपीने ती कल्पना खिशात नेऊन बसवली. मात्र जागा वाचवण्याची किंमत त्यातही होती: एसपीमध्ये हेडफोनची नेहमीची खाच नव्हती, त्यासाठी वेगळा जोड घ्यावा लागे. सोनीच्या २००४ च्या पीएसपीने दुसरा मार्ग निवडला, म्हणजे पडदा ४.३ इंची आणि उघडा ठेवला, पण स्टिक उभी करण्याऐवजी सरकणारी चपटी चकती दिली. अंगठ्याला ती फारशी सुखाची नव्हती, पण खिशात अडकत नसे. या सगळ्या यंत्रांत कोणीतरी बसून अंगठा महत्त्वाचा की खिसा, हे ठरवलेले दिसते.

माझ्या यंत्राला स्टिकच नाहीत, तेव्हा स्टिकसाठी बनलेले खेळ त्यावर खेळता येत नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्यांना आजचे मोठे, त्रिमिती खेळ हवे आहेत त्यांनी ही तुलना इथेच थांबवून सात इंची यंत्र घ्यावे. पण माझ्या पिढीने लहानपणी कॅसेटमध्ये फुंकर मारून जे खेळ सुरू केले, त्यांना डी-पॅड, म्हणजे दिशा देणारे अधिकच्या चिन्हासारखे बटण, आणि चार बटणे पुरतात. अशा यंत्रांसोबत येणाऱ्या कार्डात हजारो खेळ भरलेले असतात, ते बहुधा कोणाच्याही परवानगीविना. मी ते कार्ड काढून टाकले, चांगल्या प्रतीचे दुसरे घातले आणि माझ्याकडच्या मोजक्याच खेळांवर भागवतो.

वापरातला फरक असा आहे. चहावाला आला की झाकण मिटायचे. आतल्या लोहचुंबकामुळे यंत्र झोपी जाते आणि शर्टाच्या नव्हे, पण पँटच्या खिशात मावते. इगतपुरीला गाडी ब्रेकच्या तपासणीसाठी थांबते तेवढ्या वेळातही एक डाव होतो. परतीला कसाऱ्याला मागून बँकर, म्हणजे घाट चढायला ढकलणारे इंजिन, लागेपर्यंत दुसरा. बिजागरीचा आणखी एक फायदा मला विकत घेताना सुचला नव्हता: पडद्याचा कोन आणि हातांचा कोन वेगवेगळे ठेवता येतात. खिडकीतून ऊन आले तर हात मांडीवरच ठेवून नुसते झाकण थोडे ढकलायचे. मोठ्या यंत्रात चकाकी टाळायला सगळे यंत्रच तिरके करावे लागते आणि मनगट त्यासोबत जाते. थळ घाटातल्या बोगद्यांत तर त्या मोठ्या, चकचकीत काचेवर मला माझाच चेहरा दिसायचा, आणि तो पाहण्यासाठी मी पैसे मोजले नव्हते.

पंख्याबद्दल थोडक्यात: मोठ्यात आहे, लहानात नाही. गाडीत त्याचा आवाज ऐकूच येत नाही, पण घरी रात्री शेजारी माणूस झोपले असेल तर येतो. डिसेंबरात त्याची गरम हवा बोटांना बरी वाटते, एवढे त्याच्या बाजूने नोंदवतो.

दुरुस्तीत लहान यंत्र मला कमी त्रासाचे वाटले. त्याचे एक बटण अडकू लागले तेव्हा महात्मा गांधी रस्त्यावरच्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याने ते उघडून आतले रबर साफ करून दिले. टीव्हीच्या रिमोटमध्ये असते तसलेच ते रबर. मोठे यंत्र उघडायला त्याने नम्रपणे नकार दिला. मात्र बिजागरी हा लहान यंत्राचा दुखरा भाग आहे. पडद्याची तार तिच्यातूनच जाते, आणि वर्षभरात माझे झाकण पहिल्यासारखे ताठ राहिलेले नाही. ते अजून तुटलेले नाही, पण उघडताना मी आता दोन्ही हात वापरतो.

मधला आकारही आहे. निन्टेन्डोच्या स्विच लाइटचा पडदा साडेपाच इंची आहे आणि वजन मोठ्या यंत्रांच्या निम्म्याहून कमी. पाच मिनिटे मित्राचे हाताळले, हातात फारच छान बसले. पण स्टिक उभ्या आणि पडदा उघडा, म्हणजे पाऊच आलाच, आणि पाऊच आला की माझा जुना प्रश्न आला.

अजून ठरत नसेल तर शाळेची तीस सेंटीमीटरची फूटपट्टी घ्या. स्टीम डेकची रुंदी जवळजवळ तेवढीच, २९.८ सेंटीमीटर आहे. तुम्ही जिथे खरोखर खेळणार आहात तिथे बसून ती पट्टी दोन्ही टोकांना धरा आणि कोपरे कुठे जातात ते पाहा. मग उठून ती पट्टी ठेवायला जागा शोधा. घडीचे घेणार असाल तर दुकानात झाकण वीस वेळा उघडून मिटा, अर्ध्यावर सोडून ते तिथेच राहते का ते बघा, आणि खांद्याच्या बटणांवर बोटे पाच मिनिटे ठेवून पाहा. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या.

माझे मोठे यंत्र आता बैठकीच्या खोलीत टीव्हीला जोडलेले असते आणि रविवारी मुलगा त्यावर गाड्या पळवतो. त्याच्या पेटीत घरातले सगळे चार्जर आणि वायरी राहतात. त्या कामाला ती अगदी योग्य मापाची आहे.