इंटरव्ह्यूच्या नावाखाली माझ्या नावावर 84,000 चं लोन काढलं, सोलापूरच्या पोरापोरींनो वाचा

नोकरीसाठी पैसे मागणारे चोर असतात हे सगळ्यांना माहितीय, ते मी परत सांगत बसत नाही. मी सांगतेय ते त्याच्या पुढचं आहे. यांनी फी तर घेतलीच, पण मोठा हात मारला तो इंटरव्ह्यूच्या शेवटच्या राउंडमधे, कॅमेऱ्यासमोर, माझ्याच तोंडून ओटीपी वदवून घेऊन. राउंड संपला तेव्हा मला वाटलं सिलेक्शन झालं, आणि तिकडं माझ्या नावावर 84,000 रुपयांचं लोन चढलं होतं.

आधी मला अक्कल शिकवणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मी बीएस्सी बीएड आहे. पवित्र पोर्टलच्या शिक्षक भरतीकडे डोळे लावून बसलेल्या हजारोंमधली एक. विनाअनुदानित शाळेत महिना 8,000 वर शिकवत होते, तो पगार पण कधी वेळेवर नाही. पप्पा यंत्रमाग कारखान्यात, तिथं पाळ्या कमी झाल्यात. सोलापुरात आमच्यासारख्यांना नोकऱ्या किती आहेत ते तुम्हीच सांगा, जो तो हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला जातो आणि अर्धा पगार रूमच्या भाड्यात घालतो. अशात ग्रुपवर जाहिरात आली, ऑनलाइन शिक्षणाची कंपनी, पोस्ट ॲकॅडमिक काउन्सेलर, वर्क फ्रॉम होम, पॅकेज 4,20,000, म्हणजे महिन्याला 35,000, वर इन्सेंटिव्ह. यात हाव कसली आली? शिकवायचं शिक्षण घेतलेल्या मुलीने शिक्षणाच्या कंपनीत अर्ज करायचा नाही तर कुठं करायचा?

पहिला राउंड सात रस्त्याजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमधे होता. बॅनर, गळ्यात ओळखपत्रं, हजेरीचं रजिस्टर, सगळं होतं. हॉल पोरापोरींनी भरलेला, बार्शी, मोहोळ, अक्कलकोटवरनं आलेले पण होते, काही जणींचे वडील बाहेर पायऱ्यांवर बसलेले. आधार आणि पॅनची झेरॉक्स दारातच घेतली. मग ऑनलाइन चांगलं की ऑफलाइन यावर ग्रुप डिस्कशन, आणि नंतर एकेकाला बोलावून मॉक कॉल.

हा मॉक कॉल नीट वाचा, कारण पुढचं सगळं त्यातच होतं. इंटरव्ह्यू घेणारा सर स्वतः पालक झाला, मी त्याला कोर्स विकायचा. म्हणाला, "मी अशोक चौकात राहतो, कारखान्यात 14,000 पगार आहे, पोरगी नववीत आहे, तुमचा 60,000 चा कोर्स मला परवडत नाही. आता पटवा मला." मी म्हटलं, सर 24 महिन्यांत भरता येतील, महिन्याला 2,500 फक्त. तर तो एकदम खूश झाला. म्हणाला, "करेक्ट. नाही म्हणणाऱ्याला कर्जावर द्यायचं. पण लोन हा शब्द तोंडातनं काढायचा नाही, ॲक्टिव्हेशन म्हणायचं, व्हेरिफिकेशन म्हणायचं. आणि विचार करायला वेळ द्यायचा नाही, आजच्या आज क्लोज." मी वहीत लिहून घेतलं हे. वही अजून आहे माझ्याकडे, माझ्याच अक्षरात, "लोन म्हणायचं नाही - व्हेरिफिकेशन." माझ्या बापासारख्या माणसाला कसं गंडवायचं हे तो मला शिकवत होता, आणि तेच चार दिवसांनी माझ्यावर वापरलं. अंग जळतं आठवलं की.

मग पैसे. डॉक्युमेंट चेकिंगचे 1,180. ट्रेनिंग आणि सर्टिफिकेटचे 11,800, पहिल्या तीन पगारांत परत मिळणार असं ऑफर लेटरवर छापलेलं. लॅपटॉपचं डिपॉझिट 8,500. एकूण 21,480. रक्कम जीएसटीसकट असायची, पावती यायची, म्हणून घरात कुणाला शंका आली नाही. मामा तेवढे म्हणाले, "अगं त्या ऑनलाइन शिकवणाऱ्या बायजूसचं दिवाळं निघालं की 2024 ला, हे कोण नवीन?" मी विचारलं त्या सरला. उत्तर तयारच, म्हणे तिकडनं कमी केलेली अनुभवी माणसं आमच्याकडे आलीत, म्हणून तर आम्ही वाढतोय. 2022 पासून या धंद्यात नोकरकपात चाललेली आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे, मग हे खोटं कसं वाटणार?

शेवटचा राउंड व्हिडिओ कॉलवर. एचआर मॅडम म्हणून एक बाई. आधी एक लिंक पाठवली, "बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनची आहे, उघडा." कॅमेरा सुरू झाला. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, डोळे मिटा, उघडा, पॅन कार्ड चेहऱ्याच्या शेजारी धरा. मग ज्या खात्यात पगार हवा त्याचा नंबर टाका. मग ओटीपी. आधी एक, मग दुसरा, मग तिसरा. "लवकर सांगा हं, सेशन एक्स्पायर होतंय, तुमच्या मागे अजून कॅन्डिडेट आहेत." मेसेजमधे सहा आकडे सुरुवातीलाच होते आणि इंग्रजीत लोन ॲग्रीमेंटच्या ई-साइनचा, म्हणजे ऑनलाइन सहीचा, उल्लेख खालच्या ओळीत, जी मेसेज पूर्ण उघडल्याशिवाय दिसत नाही. वर आलेल्या पट्टीवर फक्त आकडे दिसले, ते मी वाचून दाखवले. ती एक ओळ. बोटाने मेसेज खाली ओढला असता तर तिथंच फोन आपटला असता मी. रात्री झोपताना तीच ओळ डोळ्यासमोर येते. पण मला सांगा, सिम कार्ड घ्यायला केवायसी, बँकेत केवायसी, गॅसला केवायसी, दिवसभर आपण ओटीपीच सांगत असतो, आणि समोर बसलेली बाई तुम्हाला नोकरी देणारी असताना कोण मेसेज उघडून वाचत बसतं?

कुठल्याही इंटरव्ह्यूत चेहऱ्याशेजारी पॅन धरायला लावला की कॉल कट करा. ते कर्जाचं केवायसी असू शकतं. आणि "पगाराचं खातं" म्हणून जिथं ओटीपी मागतात तिथं बहुतेक वेळा तुमच्या खात्यातनं हप्ता आपोआप कापायची परवानगी चाललेली असते.

जॉइनिंगची तारीख आली, ग्रुप बंद, नंबर बंद. 5 तारखेला खात्यातनं 7,000 कापले गेले. तेव्हा कळलं की 12 हप्त्यांचं लोन आहे, पैसे थेट त्या कंपनीला गेलेत, आणि कागदावर मी उमेदवार नाहीच, मी त्यांची "विद्यार्थिनी" आहे, मी 84,000 चा कोर्स विकत घेतलाय! लॉगिन पण दिलेलं, आत कुठले तरी जुने व्हिडिओ आणि पीडीएफ. म्हणजे माझे रोख 28,480 गेले आणि 77,000 अजून डोक्यावर. पुढचा हप्ता बाउन्स झाला त्याचे 590 वेगळे.

आता पोलिसांचं ऐका. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, पण ठाण्यात गेल्यावर साहेब म्हणतात, "मॅडम, ओटीपी तुम्हीच दिलाव, सही तुमची, कोर्स तुमच्या नावावर, यात फसवणूक कुठं आहे? दिवाणी मॅटर आहे हे." मग म्हणे कंपनीचा पत्ता पुण्याचा, तिकडं जा. इथं माझं डोकं फिरलं. 1 जुलै 2024 पासून नवीन कायदा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडू दे, खबर घ्यावीच लागते, झिरो एफआयआर म्हणतात त्याला. फसवणुकीचं कलम आता 420 नाही, भारतीय न्याय संहितेचं 318 आहे, हे एका ओळखीच्या वकिलांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. चिठ्ठी दाखवली तर हवालदार म्हणतो, "कायदा आम्हाला शिकवू नका." पप्पा हात जोडून उभे होते तिथं, कारखान्याची पाळी बुडवून आलेले. त्या माणसाने त्यांना बसा पण म्हटलं नाही. आमच्याच पोरीबाळींना भर चौकात हॉल घेऊन लुटून गेले, त्या हॉटेलच्या रजिस्टरमधे कुणाच्या नावावर बुकिंग झालं एवढं तरी बघायचं की नाही? सीसीटीव्ही बघायला काय लागतं? नुसतं "अर्ज देऊन जा." अर्जाची पोच पण मागून घ्यावी लागली. बँकेत गेले तर हप्ता थांबवायचा असेल तर लोन देणाऱ्यांना विचारा, लोन देणारे म्हणतात कोर्सवाल्यांना विचारा, कोर्सवाल्यांचा फोन बंद. आणि ज्याने एकदाही मला फोन करून "ताई, हे लोन आहे, तुम्हाला हवंय का" असं विचारलं नाही तो वसुलीला मात्र रात्री नऊला मामांना फोन करतो. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करता येत नाहीत, नातेवाइकांना छळता येत नाही. असे फोन रेकॉर्ड करून ठेवा, मी ठेवलेत.

लोन देणाऱ्या कंपनीला आधी लेखी तक्रार करा, ईमेलने, फोनवर नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवी केली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते, माहितीसाठी 14448. माझी गेलीय. ॲपवरच्या लोनमधनं ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून बाहेर पडता येतं असाही नियम आहे, पण लोन आहे हेच ज्याला माहीत नाही तो मुदत काय पाळणार, म्हणून तर जॉइनिंगची तारीख एवढी लांबची देतात.

ऑफर लेटरवर कंपनीचा सीआयएन, म्हणजे सरकारी नोंदणीचा नंबर, असला म्हणून हुरळून जाऊ नका. तो 21 अक्षर-आकड्यांचा असतो, त्यात राज्याची दोन अक्षरं आणि स्थापनेचं वर्ष असतं. हे लोक म्हणत होते आम्ही 2015 पासून पुण्यात, आणि नंबरात होतं दिल्लीचं डीएल आणि 2023. हे नंतर कळलं. कंपनी मंत्रालयाच्या साइटवर नाव टाकून आधी बघा. जीमेलवरनं आलेलं ऑफर लेटर फाडून टाका. लॅपटॉपचं डिपॉझिट चांगली कंपनी घेत नाही. आधारची झेरॉक्स दारात देऊ नका, द्यायचीच तर त्यावर तारीख आणि कशासाठी दिली ते आडवं लिहा.

लोकांना सांगायची लाज वाटत होती, शेजारच्या काकूंनी तर "शिकलेली असून कशी काय गं" विचारून झालंय. पण गप्प बसून हप्ते भरणार नाही मी.

सोलापूर, बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, कुठलेही असा, गेल्या काही महिन्यांत अशा कंपनीत "सिलेक्ट" होऊन जॉइनिंगची वाट बघत असाल तर आज आपला सिबिल रिपोर्ट काढा, वर्षातनं एकदा फुकट मिळतो, आणि त्यात न घेतलेलं लोन दिसतंय का बघा. दिसलं तर मला मेसेज करा. वकील म्हणतात एकट्याचा अर्ज बाजूला पडतो, दहा-पंधरा जणांनी पोलीस आयुक्तांकडे एकत्र दिला तर घ्यावा लागेल. तिघी मिळाल्यात आत्तापर्यंत, त्यातल्या एकीच्या नावावर 96,000 आहेत आणि तिने अजून घरी सांगितलेलं नाही.