तयार बाळंतविडा: खोक्यातलं काय ठेवावं, काय काढावं

पुण्यात तुळशीबागेत, मुंबईत दादरला आणि आता ऑनलाइनही ‘तयार बाळंतविडा’ म्हणून खोकी मिळतात. वेताची परडी नाहीतर पारदर्शक झाकणाचं पुठ्ठ्याचं खोकं, वर सॅटिनची फीत. आत दोन-तीन झबली, टोपडी, एखादं दुपटं, लंगोट, मोहरीची उशी, तेल-साबण-पावडरीचा संच, खुळखुळा, गुटीच्या सामानाची पुडी आणि महागातल्या खोक्यात डिंकाच्या लाडवांचा डबा. बारसं दोन दिवसांवर आलेलं असताना हे उचलणं सोपं पडतं. मत आधीच सांगून टाकू: यातलं निम्मं सामान कपाटावर जाऊन पडतं, आणि बाळंतिणीला खरोखर लागणाऱ्या वस्तू यात नसतातच. तेवढ्याच पैशांत सुटं घेतलं तर बाळंतविडा कितीतरी चांगला भरतो. तरीही खोकंच घ्यायचं असेल, तर दुकानदाराकडून त्यातलं काय बदलून घ्यायचं ते पुढे आहेच.

कपड्यांवर पैसा सगळ्यात जास्त लागतो आणि घोळही तिथेच होतो. बहुतेक खोक्यांत माप ० ते ३ महिन्यांचं असतं. आपल्याकडे पूर्ण दिवसांचं बाळ साधारण अडीच ते साडेतीन किलोचं असतं आणि पाचव्या महिन्याच्या आसपास त्याचं वजन दुप्पट होतं. म्हणजे हे झबलं अंगाला होणार जेमतेम आठ-दहा आठवडे, आणि नेमकं तेच माप आत्या, मावशी, शेजारच्या काकू अशा सगळ्यांनी आणलेलं असतं. ६ ते ९ किंवा ९ ते १२ महिन्यांचं माप घ्या. मात्र घेताना बोटांवर महिने मोजा. जूनच्या बाळाला ६ ते ९ चं माप डिसेंबर ते मार्चमध्ये होणार, तेव्हा पूर्ण बाह्यांचं हवं. नोव्हेंबरच्या बाळाला तेच माप ऐन मे महिन्यात होणार, तिथे बिनबाह्यांचं मलमलीचं. दुकानात हा हिशेब कुणी करून देत नाही.

माप ठरलं की झबलं उलटं करा. आतून ओव्हरलॉकचा खरबरीत नायलॉन दोरा, मानेला शिवलेलं कडक लेबल आणि काखेत जाड झालेली शिवण, या तीन ठिकाणी बाळाच्या अंगावर लाल रेघा उमटतात. चांगल्या झबल्याची शिवण दुमडून त्यावर पट्टी मारलेली असते किंवा ती बाहेरच्या बाजूला असते, आणि लेबल कापडावरच छापलेलं असतं. पहिल्या तीन महिन्यांसाठीच घ्यायचं असेल तर कुशीला नाडी बांधायचं, अंगरख्याच्या पद्धतीचं घ्या. मान न धरणाऱ्या बाळाच्या डोक्यातून कपडा घालायला नवखी आई घाबरते. हे झबलं पसरायचं, त्यावर बाळ ठेवायचं, हात घालून बांधून टाकायचं. नाडी गळ्याशी नको आणि बांधून चार बोटांपेक्षा जास्त लोंबायला नको. वेल्क्रो पहिल्या काही धुण्यांतच धागे-केस धरून निकामी होतं. मणी, टिकल्या, चिकटवलेले मोती असलेलं काहीही परत ठेवा.

खणाची झबली-टोपडी सध्या फार चालतात. फोटोत देखणी दिसतात, पण आत मलमलीचं अस्तर पूर्ण लावलेलं असेल तरच घ्या. जरीची किनार कपाळावर घासली की बाळ टोपडं ओढून रडतं आणि ते अर्ध्या तासात बाजूला पडतं. रंगीत कापडाला एक साधी चाचणी: ओला पांढरा रुमाल आतल्या बाजूने दोन-चारदा घासा. रुमाल रंगला तर कितीही आवडलं तरी नको.

दुपटी मात्र मनसोक्त द्या. गुंडाळायला, मांडीवर घालायला, दूध पाजताना आडोशाला, खांद्यावर ओकारी पुसायला, सगळीकडे तीच लागतात. खोक्यातलं दुपटं अनेकदा ७५ सेंटिमीटरच्या आसपास असतं. महिन्याभराचं बाळ त्यात गुंडाळलं की पाय बाहेर. शंभर सेंटिमीटर चौकोनी तरी हवं, आणि मलमल पहिल्या धुण्यात आटते म्हणून ११० मिळालं तर उत्तम. अशी चार दुपटी खळ जाईपर्यंत धुऊन, उन्हात वाळवून, घडी घालून दिली तर घरी पोचल्याच दिवशी वापरात येतात. मोठ्या मापाचे कपडे मात्र टॅगसकट द्या, म्हणजे बदलता येतात. लंगोटांचं गणित असंच. दिवसाला दहा-पंधरा सहज भिजतात आणि खोक्यात तीन असतात. द्यायचे तर डझनभर द्या. डायपर देत असाल तर सगळ्यात लहान मापाचं पाकीट टाळा. ७ ते १२ किलोचं, म्हणजे मध्यम मापाचं घेतलं तर काही महिन्यांनी का होईना, वाया जात नाही.

आता खोक्यातून काढायच्या गोष्टी. मोहरीची उशी पहिली. डोकं गोल व्हावं म्हणून ती देतात. पण बाळाला उताणं, टणक आणि सपाट अंथरुणावर, उशीशिवाय झोपवावं, असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात. शिवाय शिवण उसवली तर मोहरी बाळाच्या नाकातोंडाशी. एकाच बाजूवर टेकून चपटं झालेलं डोकं बहुतेक बाळांचं ते जागेपणी पालथं पडायला आणि बसायला लागलं की आपसूक सुधारतं. जाड रजई, कापूस भरलेले लोड, पाळण्याच्या कडेचे गुबगुबीत तक्के हेही याच कारणासाठी नकोत. गोधडी चालेल, पण खाली अंथरायला. पावडर काढा, कारण ती श्वासातून आत जाते आणि काखा-जांघांत घामाबरोबर तिचे गोळे होतात. काजळाची डबी काढा, त्यात शिसं असू शकतं. तेल मोहरीचं असेल तर बदलून खोबरेल मागा. मोहरीचं तेल नवजात त्वचेला झोंबतं. धुरीची पूड तर नकोच, इवल्या फुप्फुसांना धूर कसलाही वाईटच.

गुटीच्या पुडीत मुरुडशेंग, हळकुंड, वेखंड, हिरडा, सुंठ, जायफळ, ज्येष्ठमध, खारीक, बदाम असं काय काय असतं. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, ही आजची वैद्यकीय शिफारस. सहाणेवर किती वेढे उगाळले यावर मात्रा ठरते, म्हणजे ती रोज वेगळी असते. जायफळ जास्त झालं तर बाळ गुंगतं, आणि दमट हवेत खारकेला बुरशी धरते. मध तर वर्षाच्या आत बोटभरसुद्धा नको, त्यातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. बहुतेक घरांत गुटीवरून आजी आणि डॉक्टर असे दोन पक्ष आधीच पडलेले असतात. पाहुण्याने पुडी नेऊन तिसरा पक्ष उघडू नये. दुधाची बाटलीही तशीच. १९९२ च्या कायद्याने आपल्याकडे बाटल्या आणि डब्याच्या दुधाची जाहिरात करायलाच बंदी आहे. आईने किंवा डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय भेट म्हणून ती नेऊ नये.

लाडवांचं प्रकरण सविस्तर बघण्यासारखं आहे, कारण खोक्यात आईसाठी असलेली बहुधा ही एकच वस्तू. विकतचा डबा घेताना आधी मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिलं नाव कणीक, मैदा किंवा साखर असेल तर तो डिंकाचा लाडू नुसता नावाचा. खारीक, खोबरं, गूळ, तूप ही नावं वर हवीत. ‘वनस्पती’ तूप दिसलं की डबा परत. एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक आणि भरल्याची तारीख नसेल तर घेऊ नका. मग एक लाडू फोडून बघायला मागा. डिंक पांढरा, फुललेला आणि बोटाने चुरडणारा हवा. मध्ये पिवळसर, काचेसारखा कण राहिला असेल तर तो कच्चा, दाताला चिकटणारा. वास घ्या. खोबरं खवट झालं असेल तर सुंठ-जायफळ कितीही घातलं तरी वास लपत नाही.

घरी करून नेणार असाल तर प्रमाण असं: खारीक पूड पाव किलो, किसून भाजलेलं सुकं खोबरं पाव किलो, डिंक १०० ग्रॅम, बदाम १०० ग्रॅम, खसखस ५० ग्रॅम, गूळ साडेतीनशे ग्रॅम, तूप दीडशे ग्रॅम. ४० ग्रॅमचे तीसेक लाडू होतात. डिंकाचे खडे वाटाण्याएवढे करून थोडा वेळ उन्हात ठेवा, ओलसर डिंक फुलत नाही. तूप मध्यम तापवून एका वेळी थोडेच खडे सोडा. तूप फार कडक असेल तर डिंक बाहेरून फुलतो आणि आत कच्चा राहतो, कोमट असेल तर तळाशी चिकटतो. गूळ फक्त विरघळेपर्यंत गरम करायचा. त्याचा पाक होऊ दिला की लाडू दगडासारखे होतात आणि बाळंतीण ते वाटीत कुटून खाते. नीट जमलेले लाडू हवाबंद डब्यात महिनाभर टिकतात. अळिवाचे लाडू ओल्या नारळाचे, बाहेर दोन दिवस, फ्रिजमध्ये आठवडाभर. म्हणून ते लांबच्या गावी नेऊ नका, त्याऐवजी निवडलेल्या अळिवाचं पाकीट द्या. बाळंतशोप मात्र नक्की न्यावी. बाळंतशेपा, ओवा, तीळ, भाजलेलं खोबरं, किंचित सैंधव, इतकं साधं असतं आणि रोज दोन वेळा खाल्लं जातं.

पण लाडू नेण्याआधी घरात एक फोन करा. गरोदरपणात साखर वाढली होती का, आणि डबे किती आले आहेत, हे दोन प्रश्न विचारा. माहेरचा एक, सासरचा एक आणि पाहुण्यांचे चार, असे सहा डबे झालेल्या घरात सातवा कुणाला नको असतो.

बाळंतिणीसाठी खोक्यात सहसा एवढंच असतं, आणि म्हणूनच आम्ही तयार खोक्याला कमी गुण देतो. तिला पहिली वस्तू लागते ती पाजण्याच्या सोयीचा सुती गाऊन, दोन-तीन तरी. दोन्ही बाजूंना उभ्या चेन, प्रत्येकी नऊ-दहा इंच, आणि चेनवर कापडी पट्टी, नाहीतर चेनचे दात बाळाच्या गालाला लागतात. छापील, गडद रंग घ्या, दुधाचे डाग कमी दिसतात. खिसा हवाच. सिझेरियन झालं असेल तर कमरेशी इलास्टिक किंवा नाडी असलेलं काही नको, ते नेमकं टाक्यांवर येतं. अंगावरून जाणं चार ते सहा आठवडे चालतं, त्यासाठी मोठे मॅटर्निटी पॅड लागतात. बहीण किंवा जवळची मैत्रीण हे बिनधास्त देऊ शकते, आणि याच्याइतकी वापरली जाणारी भेट दुसरी नाही. एका हाताने उघडणारी, स्ट्रॉ असलेली लिटरभराची पाण्याची बाटली द्या. बाळ पाजायला घेतलं की तहान लागते आणि तेव्हा दुसरा हात मोकळा नसतो. पाजताना मांडीवर घ्यायची अर्धचंद्राकृती उशी द्यायची तर दाबून बघा: हाताखाली पार बसली तर बाळ खाली घसरतं आणि आई वाकते. खोळ काढून धुता यायला हवी. ही उशी पाजण्यापुरतीच, बाळाला तिच्यावर झोपवायचं नाही. ब्रेस्ट पंप विचारल्याशिवाय नको.

डिजिटल थर्मामीटर स्वस्त आणि फार कामाचा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप म्हणजे थेट डॉक्टर, हे चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवलं तर त्याचा उपयोग दुप्पट.

चांदीचे वाळे देणार असाल तर घुंगरू नसलेले घ्या, कडा बोटाने फिरवून बघा, शुद्धतेचा शिक्का पाहा. खुळखुळ्यावर आयएसआयचं चिन्ह हवं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ते सक्तीचं आहे. पाळण्यावरचं चिमणाळं देत असाल तर हाताला येणार नाही इतकं उंच टांगायला सांगा, आणि बाळ हातांवर अंग उचलू लागलं, साधारण पाचव्या महिन्यात, की काढून ठेवायला.

पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं आणि दोन-तीन महिन्यांनी सामान सासरी जातं. बाथटब, झुला, मोठी मऊ खेळणी अशा वेळी कुणाच्याच घरात मावत नाहीत. दोन हजारांचं बजेट असेल तर दोन गाऊन, चार दुपटी, थर्मामीटर, पावशेर बाळंतशोप आणि मोठ्या मापाचं एक झबलं, इतकं साधारण बसतं. त्याहून जास्त खर्चायचं असेल तर वस्तू वाढवण्याऐवजी आठ दिवसांचा दुपारचा डबा लावून द्या, किंवा बाळ-बाळंतिणीला मालिश करणाऱ्या बाईंचे पैसे. बाई मात्र घरच्यांनीच ठरवलेल्या असाव्यात.

तयार खोकंच घेत असाल तर फीत सोडून आतली प्रत्येक वस्तू बघू द्याल का, हे विचारा. नाही म्हणणाऱ्या दुकानातून घेऊ नका. पावडर-उशी काढून त्या पैशांत दुपटी द्यायला बरेच दुकानदार तयार होतात. बदलून देण्याची मुदत अनेकदा आठवड्याचीच असते; ती वाढवून बिलावर लिहून घ्या, कारण बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडणार नाही आणि माप बदलायला कुणाला तरी दुसऱ्यालाच जावं लागणार आहे. बिल खोक्यात ठेवा, किंमत खोडून, तारीख आणि दुकानाचं नाव दिसेल असं.