कारवारच्या बंदरात दहा फुटी कयाक: आठ महिन्यांनंतर

बेळगावात राहून समुद्रात गळ टाकायचा, तर होडी गाडीच्या टपावर मावली पाहिजे आणि एकट्याला उतरवता आली पाहिजे. त्या हिशेबानं गेल्या ऑक्टोबरात ही वर बसायची प्लॅस्टिकची कयाक घेतली. लांबी दहा फूट, वजन 27 किलो, किंमत 38,000. पहिले तीन रविवार हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला गेलो. तिथं वल्हं मारणं शिकलो आणि मुद्दाम उलटी पाडून पाण्यातूनच परत चढण्याचा सराव केला. ते जमेपर्यंत समुद्राचं नाव घेतलं नाही. आई तरीही म्हणत होती, “कशाला जातूस रे समुद्रात, आपल्याकडं काय नद्या नाहीत होय?”

तेव्हापासून महिन्यातून दोनदा तरी शनिवारी दुपारी निघतो. खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा, मग अणशी घाट उतरून कारवार. रात्री मुक्काम आणि पहाटे पाण्यात.

होडी म्हणून हिच्यात खोट काढायला फारशी जागा नाही. बसल्यावर डुगडुगत नाही, लाट आत आली तर तळाच्या भोकांतून आपोआप निघून जाते. वारा बाजूनं लागला की तोंड फिरवते, तेव्हा एका बाजूचं वल्हं सतत मारावं लागतं आणि खांदे भरून येतात. काळी नदीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना समोरून पश्चिमेचा वारा आला की आखूड, उभ्या लाटा उठतात. तिथं ही होडी फार दमवते. त्यामुळं दुपारचा वारा सुटायच्या आत मी किनाऱ्याला असतो. उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीच्या दिवसांपेक्षा भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस निवडतो, कारण तेव्हा ओढ कमी असते.

पण विकत घेताना ज्याची कल्पना नव्हती, ती गोष्ट बंदरातल्या वर्दळीची. कारवारच्या बैतखोलला मच्छीमारी बंदर आणि व्यापारी बंदर जवळजवळ आहेत. ट्रॉलर, घेर टाकून मासे धरणाऱ्या पर्सिन बोटी, पाती म्हणजे छोट्या होड्या, मधूनच मोठं जहाज. नौदलाच्या हद्दीकडं तर फिरकायचंच नाही. कुठवर चालेल ते मी बंदर कार्यालयात विचारून घेतलं आणि तेवढ्यातच राहतो.

नोव्हेंबरात एका सकाळी मासा लागतोय म्हणून बोटींच्या वाटेच्या कडेला नांगर टाकून बसलो होतो. समुद्राकडून एक ट्रॉलर आला. तुटक पाच भोंगे ऐकू आले. ‘तुझं काय चाललंय ते मला कळत नाही’ असा त्या पाच भोंग्यांचा अर्थ. दोरी ओढतोय तर नांगर दगडात अडकलेला. सुरीनं दोरी कापली आणि जीव खाऊन वल्हं मारलं. लाट समोरून घेतली म्हणून उलटलो नाही, पण हात अर्धा तास थरथरत होते.

नंतर जेटीवर एका वयस्क तांडेलमामांनी (तांडेल म्हणजे बोट हाकणारा) नीट समजावलं. सकाळी परतणाऱ्या बोटी पूर्वेला तोंड करून येतात, उगवतं ऊन थेट तांडेलाच्या डोळ्यांत. त्यात बोटीचं तोंड उंच, त्यामुळं पुढच्या पाण्याचा पट्टा केबिनमधून दिसतच नाही. “तुम्ही आम्हाला बघताय म्हणजे आम्ही तुम्हाला बघतोय असं धरू नका,” मामा म्हणाले. नियमही तेच सांगतो: वीस मीटरपेक्षा लहान नौकेनं अरुंद खाडीमार्गात मोठ्या जहाजाची वाट अडवायची नाही. म्हणजे बाजूला होणं माझं काम आहे, त्यांचं नाही.

त्या दिवसानंतर नारिंगी झेंडा चार फुटी काठीवर लावला, अंगावर तशाच रंगाचं लाइफ जॅकेट आणि गळ्यात शिट्टी. अंधार असेल तर टॉर्च हाताशी. नांगराच्या दोरीला फ्लोट बांधला. वेळ आली की दोरी सोडून द्यायची, नंतर येऊन फ्लोट उचलायचा. हा बदल पहिल्या दिवशीच करायला हवा होता. नांगर कायम टोकाला बांधतो, मधल्या बाजूला कधीच नाही, ओढीत होडी आडवी होऊन उलटते. फोनमध्ये तटरक्षक दलाचा 1554 आहेच.

मासे? जेटीच्या खांबांजवळ जिवंत कोळंबीवर तांबोसे आणि गोबरे. तांबोसा लागला की सरळ खांबाकडं पळतो, कालवांच्या धारेवर दोरा तुटतो, म्हणून पुढं लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड दोरा हवाच. नदीच्या मुखाकडं दोनदा चोणक, त्यातला एक साडेतीन किलोचा. तो दिवस मी विसरणार नाही. काळीवरचा जुना पूल 2024च्या ऑगस्टमध्ये कोसळला, त्या भागात मात्र वल्हवत नाही.

तक्रारी दोन. सीटची बकलं तिसऱ्या महिन्यात गंजली. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही, शेवटी बेळगावच्या शहापुरातून स्टेनलेसची बसवली. दुसरी उन्हाची. एप्रिलात टपावर पट्टे घट्ट आवळले आणि तळ दबला. उन्हात मोकळी ठेवल्यावर बराच उसळून आला, पूर्ण नाही. आता उलटी ठेवतो, पट्टे बेतानं. प्रत्येक खेपेनंतर गोड्या पाण्यानं होडी आणि रीळ धुतो, त्यामुळं बाकी सगळं शाबूत आहे.

1 जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी, पावसाळ्यात मीही जात नाही. कयाक सध्या जिन्याखाली उलटी ठेवली आहे, वर ताडपत्री. झेंड्याची काठी ऑगस्टपर्यंत एक फूट वाढवायची आहे.